मनगटाचा बॉल

प्लास्टर निघून तीन आठवडे झाले, तरी माझ्या मनगटात काही जीव येईना. फिजिओथेरपिस्टबाईंनी व्यायामाचा एक बॉल दिला होता. तो मुठीत धरून मनगट गोल हलवत राहायचं, की आतली चकती घूं घूं करत वेग घेते आणि वरच्या इवल्याशा पडद्यावर आकडा चढत जातो. माझी चकती दोन हजारांवर आली की मान टाकायची. सोमवारी पुन्हा शिडीवर चढून वायरिंग करायचं होतं. बॉल घेऊन मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

"अरे, एका जागी बस की जरा," बाबा म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. डोळे साथ देत नाहीत म्हणून गेल्या वर्षी दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून उजवा हात खिशात घालून दिवसभर खिडकीपाशी बसायचे.

"बोलायला काय जातंय? तुम्हीच करून दाखवा." मी चकतीला गुंडाळलेली दोरी ओढून ती चालू केली आणि वैतागून त्यांचा उजवा हात खिशातून ओढून बॉल त्यात कोंबला.

चार हजार. सात हजार. नऊ हजार. मी बघतच राहिलो.

"बाबा, कसं काय जमवलंत?"

"मी काहीच केलं नाही रे," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी हसत बॉल काढून घेतला.

 

त्यांचा रिकामा हात तसाच थरथरत राहिला.