शेरीफची गाठ

डब्लिनहून घोडागाडी आली, पण फाशी देणारा उतरलाच नाही. “मग कायद्याने ते काम शेरीफनेच करायचं असतं, साहेब,” जेलर माझ्या कानात पुटपुटला. “उद्यावर ढकलू,” मी म्हणालो. “हुकमात आजची तारीख आहे.” काउंटीचं शेरीफपद म्हणजे वर्षभर तलवार लटकवून न्यायाधीशांना मेजवान्या द्यायच्या, एवढंच मी समजत होतो. चौथऱ्यावर मेंढीचोर फेलिम उभा होता, पूर्वीचा आमच्याच तबेल्यातला मोतद्दार. मी दोराचा फास करायला घेतला. दोनदा गाठ सुटली. फाशी बघायला जमलेली गर्दी हसली. “धाकटे मालक, घाई करू नका,” फेलिम म्हणाला. “लहानपणी शिंगरू बांधतानाही तुमची अशीच सुटायची. आधी वरून घ्या, मग खालून.” तो सांगत गेला, मी करत गेलो. “ओढून बघा.” मी ओढलं. गाठ पक्की बसली. “शाब्बास,” तो म्हणाला, अगदी तेव्हासारखंच.