जास्तीचं गाणं

वरच्या मजल्यावरची पोरगी गिटारवर गावाकडची गाणी म्हणत म्हणत प्रसिद्ध झाली आणि आमचे हे रातोरात तिचे जुने चाहते झाले. परवा तिचा पहिलाच अल्बम जास्तीची गाणी घालून पुन्हा निघाला, तर ह्यांनी अख्ख्या बिल्डिंगला आमच्या हॉलमध्ये बसवून तो ऐकवला. प्रत्येक गाण्यानंतर ह्यांचं भाषण: "तिला गिटार धरता येत नव्हती ना, तेव्हाच ओळखलं होतं मी!"

शेवटचं जास्तीचं गाणं तिने शिकत असताना घरीच रेकॉर्ड केलेलं होतं. दुसऱ्या कडव्याला मागून ठक ठक सुरू झालं.

"वा, काय ठेका आहे!" शेजारच्या वहिनी मान डोलवत म्हणाल्या.

ठोके वाढत गेले आणि मग त्या रेकॉर्डिंगमध्येच खालून एक ओळखीचा आवाज ओरडला, "ए बये, बंद कर ते रडगाणं!"

सगळ्यांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग वर. आमच्या छतावर झाडूच्या दांड्याचे ठसे अजून आहेत.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हे मात्र ताठ बसून होते.

"अल्बमवर वाजवणाऱ्यांची नावं छापतात ना?" त्यांनी विचारलं. "मग माझं कुठे दिसत नाही ते!"