हिरवं आभाळ

“तिकीट काढा, अब्बा. मला नाही राहायचं इथे!” सिदरा व्हिडिओ कॉलवर रडत होती.

बाबामियाँ आखातात, रुवीतल्या आपल्या बटणा-लेसच्या दुकानात मोबाइल धरून उभे. इकडे सकाळची गिऱ्हाइकं, तिकडे कॅनडात, एडमंटनला, अर्धी रात्र. पोरगी शिकायला गेली खरी, पण तिचं मन काही लागेना. आज मैत्रिणींनी ओढून बागेत नेलं होतं, आभाळातला तो उत्तर ध्रुवाकडचा रंगीत उजेड बघायला.

“सगळ्या वॉव-वॉव करतायत. मला नुसता धुरकट ढग दिसतोय. तुम्हीच बघा!” तिने फोन डोक्यावर उंच धरला.

बाबामियाँनी बघितलं आणि बघतच राहिले. अख्खं आभाळ हिरवंगार, वाऱ्यावर ओढणी हलावी तसं हलत होतं. पोरीच्या रडक्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं, ते फोनला लख्ख दिसत होतं.

शेजारी उभ्या बायकोने, जमिलाने, त्यांना कोपराने ढोसलं. “सांगा ना, काय नाय दिसत, ये घरी म्हणून!” लेक गेल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि बाबामियाँच्या तरी कुठे उतरत होता? एवढं म्हटलं की खलास, पोरगी आठवड्यात घरात. शब्द अगदी ओठांवर आला होता.

“सिदरा,” ते म्हणाले, “फोनात बघ गो बाय. हिरवं आहे सगळं. मग वर बघ. डोळ्यांना जरा सवय होऊ दे.”

फोन खाली आला. पडद्यावर आता सिदराचं वर वळलेलं तोंड.

“ओ माय गॉड! अब्बा, दिसतंय! थोडं थोडं, पण दिसतंय!” पोरगी रडता रडता हसायला लागली. तेवढ्यात तिच्या पाठीमागे, दिव्याखालच्या बर्फात, काहीतरी हललं.

“हलू नको! मागं बघ, हळू. ससा आहे, पांढराफेक!”

सिदरा वळली. मग कुजबुजली, “श्श! नंतर बोलते, अब्बा. तुमच्या आवाजाने पळेल तो.”

आणि फोन बंद. एडमंटनला गेल्यापासून पहिल्यांदाच तिने आपणहून फोन ठेवला होता.

“काय म्हणाली? येते ना?” जमिलाने विचारलं.

बाबामियाँचे डोळे भरून आले होते. “नाय गो,” ते म्हणाले, पण अगदी हळू, जसा काही ससा इथे काउंटरवरच बसलाय. “रमली.”