माळ्यावरचं घंगाळ

"नाव कापून देऊ का?" भांडीवाल्या मलप्पानं विचारलं. तांब्याचं घंगाळ त्याच्या काट्यावर होतं. "मोडीत देताना लई बायका नावाचा तुकडा मागून घेतात. आठवण म्हणून."

"नको नको, तुम्ही वजन करा लवकर," राजश्री म्हणाली. काठाखालच्या त्या हिरवट अक्षरांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पर्समध्ये फोन थरथरला. पुन्हा सासूबाई! सकाळपासून तिसऱ्यांदा. शेजारणीनं त्यांना जळकोटला कळवलं की काय?

पण करणार काय? लेकीला, अक्षराला नांदेडला मेडिकलची सीट लागली होती. आज पाचच्या आत फी भरली नाही, तर सीट दुसऱ्याची. नवरा विनाअनुदानित शाळेवर, आठ महिने पगार नाही. सगळं गोळा करूनही सहा हजार कमी पडत होते. सकाळी जुनं सामान घेणारा येऊन गेला. वीस हजारांचा फ्रिज त्यानं आठशेला मागितला. हौसेनं घेतलेला सोफा तर फुकटही नको म्हणाला. "लाकूड न्हाई बाई हे, भुसा हाय." वीस वर्षांचा संसार, आणि त्याची ही किंमत! घरात भाव टिकून असलेली एकच वस्तू होती, आणि ती तिची नव्हती.

घंगाळ सासूबाईंचं, तारामतींचं. जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवलेलं. दिवाळीला त्या स्वतः चिंच लावून घासायच्या, सुनेला हात लावू द्यायच्या नाहीत. "ज्याचं त्याला देणार हाय मी," एवढंच म्हणायच्या. ज्याचं म्हणजे कुणाचं, ते विचारायची गरजच नव्हती. जळकोटची सिंधु, लाडकी लेक. नाव तिचंच असणार. आठवडाभर सासूबाई तिच्याकडंच होत्या, आणि इकडं सून भरदुपारी लातूरच्या बाजारात चोरी करत होती. चोरीच ती, दुसरं काय!

काटा साडेनऊ किलोवर थांबला. "साडेसहा हजार होतात," मलप्पा म्हणाला. घंगाळ चेपायला त्यानं हातोडा घेतला. फोन पुन्हा थरथरला.

"उचला की हो. कुणाचं काही अडलं असंल."

तिनं उचलला. "हां, आई..."

"अगं, फोन का उचलत न्हाईस? पैसे कमी पडले हे मला नातीनं सांगावं का? माळ्यावरचं घंगाळ काढ अन् मोडीत दे, आत्ताच्या आत्ता!"

"पण आई, ते... सिंधुताईंचं..."

"सिंधुचं कशाला असंल? तिचं तिला लग्नातच दिलंय."

मलप्पाचा हातोडा वर गेला. राजश्रीनं घाबरून आडवा हात घातला.

"अन् ऐक, नावाचा तुकडा तेवढा कापून घे," सासूबाई म्हणाल्या. "अक्षराच्या बारशाला त्यावर घातलंय तिचं नाव."