बोटभर सूर्य

सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा, हे बायबलमधलं वचन घरात बाबांच्या शिलाई मशीनइतकंच रोजच्या वापरातलं होतं. आईबाबा कडाकडा भांडायचे, पण संध्याकाळी ज्याचं चुकलं, तो दुसऱ्यापुढे मुकाट चहाचा कप ठेवायचा. बाबा महाहट्टी. गच्चीवर जाऊन यायचे आणि सूर्य बुडालेला असला तरी लेकीला डोळा मारून सांगायचे, “अजून बोटभर आहे!” तेवढाच रुसवा लांबायचा. आज सकाळीही दोघांचं वाजलं. दुपारी बाबा मशीनवर बसल्याजागीच गेले. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत त्यांच्याभोवती माणसं प्रार्थना करत होती. आई कप घेऊन दारातच थबकली. “गच्चीवर जाऊन बघ गं, मावळला का?” लेक वर गेली. रस्त्यावरचे दिवेसुद्धा लागले होते. डोळे पुसून खाली आली. “अजून बोटभर आहे, आई.” “बापावर गेलीस,” म्हणत आईने कप बाबांच्या उशाशी ठेवला.