एक पान कमी

"दोनशे अकरा," बाई म्हणाल्या आणि गठ्ठा पुन्हा सरळ केला.

ही तिसरी मोजणी. आकडा काही हलायला तयार नव्हता. पावतीवर दोनशे बारा पानं, हातात दोनशे अकरा. पानं साधी नव्हती. यंत्रांचे नकाशे होते, सरकारी गुपित. अशी गुपितं ज्या ज्या कारखान्यांत ठेवलेली असतात, त्यांच्यावर नजर ठेवायला सरकारचं एक पथक असतं. या विभागातल्या पथकाच्या बाई प्रमुख. हाताखाली नऊ माणसं, आणि बाईंचा आवाज चढलेला त्यांतल्या एकानेही कधी ऐकला नव्हता. तशी वेळच यायची नाही. बाईंनी चष्मा पुसायला घेतला की समोरचा आपणहून खरं बोलायला लागतो, असं त्यांचा सहायक सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरायचा.

आज समोर होते कपाटाचे काका. गेली नऊ वर्षं या नकाशांचं कपाट डोळ्यांत तेल घालून सांभाळणारा माणूस. एकेक नकाशा काढून द्यायचा, परत आला की जागेवर ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. सगळी पानं मोजायचा अधिकार सरकारी पथकाचा. फक्त ताबा सोडताना राखणदारानेही एकदा मोजायचं, असा नियम. काका पुढच्या महिन्यात निवृत्त होणार, म्हणून काल दुपारी मोजायला बसले आणि एक पान कमी भरलं. मालक नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतः बाईंच्या कचेरीत फोन लावला.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," मालक अजून धुमसत होते. "पान खरंच गेलं असेल तर आमचा परवाना गेला, मॅडम. दीडशे माणसं घरी बसतील. आणि काका, तुम्ही बसाल कोर्टाच्या पायऱ्या मोजत."

"माझ्या कपाटातून गेलं असेल तर जबाबदारी माझीच आहे," काका म्हणाले. पाणी समोर होतं, पण त्यांनी ग्लासाला हात लावला नव्हता.

बाईंनी चौथ्यांदा गठ्ठा ओढला. या वेळी त्यांनी पानं मोजली नाहीत, कोपऱ्यातले छापील क्रमांक एकेक करून वाचले. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद होता आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. पाऊण तास कुणी जागचं हललं नाही. मग बाईंनी घड्या घातलेला एक नकाशा उलगडला. उलगडतोय तोवर टेबल संपलं, दोन्हीकडून कागद खाली लोंबायला लागला. डाव्या कोपऱ्यात एकशे सतरा. उजव्या कोपऱ्यात एकशे अठरा.

"कागद एक, क्रमांक दोन," बाई म्हणाल्या. "काका, तुमचं काहीही गेलेलं नाही. या कपाटात दोनशे बारा कागद कधी नव्हतेच."

काका मटकन खुर्चीत बसले. मालकांचा जीव भांड्यात पडला आणि आमचे काका म्हणजे सोनं, असं ते लगेच सांगायला लागले. माणसं अशीच असतात, काय करणार!

पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी तपासणीची वही मागवली. नऊ वर्षांत तीन तपासण्या झालेल्या. तिन्ही वेळा एकच नोंद: सर्व पाने हाताने मोजली, दोनशे बारा, बरोबर. आता जो खरंच मोजेल त्याला पहिल्याच दिवशी दोनशे अकरा भरायला हवेत. म्हणजे तिन्ही वेळा शेवटच्या पानावरचा क्रमांक पाहिला, आकडा लिहिला आणि वही मिटली. काकांचं कपाट इतकं चोख, मोजायचं काय त्यात!

बाईंसोबत आलेल्या सहायकाने नोंदीखालची सही वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"जाऊ द्या ना, बाई," तो हळूच म्हणाला. "काही हरवलं नाही. जुनं उकरून काय मिळणार?"

"उद्या खरंच एखादं पान गेलं, तरी ही वही सगळं बरोबर आहे असंच सांगेल. मग आपण इथे कशाला येतो?"

"मोजल्याशिवाय सही ठोकणारा कोण तो?" मालकांना आता चेव चढला होता. "त्याला चांगला धडा शिकवा, मॅडम. आमच्या काकांच्या तोंडचं पाणी पळवलं त्याने."

बाईंनी मान डोलावली आणि अहवाल लिहायला घेतला. तीन पानं झाली. प्रत मिळाल्याची सही करायला त्यांनी ती काकांपुढे सरकवली.

काकांनी वाचलं. कारखान्याची चूक: नाही. राखणदाराने धोका पत्करून स्वतःहून कळवले, त्यांचा गौरव व्हावा. मग खाली, खोटी नोंद करणारा अधिकारी, आणि त्यापुढे बाईंचं स्वतःचं नाव. तिन्ही सह्या त्यांच्याच होत्या. चौकशी संपेपर्यंत आपली यंदाची बढती रोखावी, हेही त्यांनीच लिहिलं होतं.

काकांचे डोळे भरून आले. "मॅडम, तुमच्यासारखं माणूस..." पुसट दिसणाऱ्या कागदावर सही करायला त्यांनी पेन टेकवलं.

बाईंनी कागदावर हात ठेवला.

"माझ्यावर विसंबू नका, काका. आधी पानं मोजा."