गोपिकाबाईंची देवळं

"हे नको," असं म्हणत गोपिकाबाईंनी पायाच्या अंगठ्यानं वेळणेश्वर पुसून टाकलं.

आनंदरावांनी नागपुरातल्या, इंदोऱ्याच्या घराच्या फरशीवर खडूनं अख्खा कोकण किनारा काढला होता. मास्तरच ते, नकाशाशिवाय त्यांचं पान हलत नसे. समोर देवाजी उकिडवा बसला होता. तो शहराबाहेरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रक रत्नागिरीपर्यंत न्यायचा. मूळचा त्यांच्याच गावचा, खाप्याचा; आनंदरावांचे वडील चंपतराव यांचा जिवाभावाचा दोस्त. सहलीसाठी मालकाची जीप त्यानंच मागून घेतली होती.

"वहिनी, समुद्र तिथंच चांगला हाय," देवाजी म्हणाला. "गर्दी नाही, काही नाही."

"म्हणूनच नको. जिथं लोकं येतात, ते देऊळ सांग."

आनंदराव कडवट हसले. मायनं देव सोडून इतकी वर्षं झाली, आणि आता धरायचे तर तेही गाजलेलेच!

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर याच बाईनं घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीच्या डोहात सोडले होते. सासू काठावर रडत होती, पण ही थांबली नव्हती. पुढं दोनेक वर्षांत चंपतराव पटकीनं गेले. आनंदराव तेव्हा मामाच्या गावी होते. परत आले तर बापाचा फोटो भिंतीवर लागलेला. मायनं नागपुरात येऊन विड्या वळल्या, पोराला मास्तर केलं, पण कुठल्या देवापुढं हात जोडला नाही. विहारात भाषणाला उभं राहिलं की आनंदराव हीच गोष्ट सांगत आणि लोक टाळ्या वाजवत.

आता तीच माय देवळं देवळं करत होती. डोळ्यांना काचबिंदू झाला होता. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा सुरू झाला. "डोळे हायेत तवर कोकणातले देवळं पाहू दे, आनंदा." कोकणातून आला की देवाजी तिच्यापाशी बोलत बसायचा. त्यानंच हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं असणार, असं आनंदरावांना वाटे.

"माय, आपण अजिंठ्यावरून जाऊ," त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. "बुद्ध पाह्य नं. मन भरून जाईन तुहं."

"पाहीन कवातरी."

"कवातरी म्हणजे? डोळे..." ते बोलता बोलता थांबले.

त्यांची बायको लतिका चहा घेऊन आली. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळं घरात खुशीत असलेली ती एकटीच. "काकाजी, त्या पाण्यात पाय टाकता येते का?"

"येते नं. गणपतीपुळ्याले तर देवळासमोरच समुद्र हाय."

"ते पाणी जखमेले झोंबत असन, नाही गा?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"झोंबते, वहिनी." देवाजीनं बशी खाली ठेवली.

लतिकानं सासूच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहिलं. "मी खोबरेल घेऊन घेईन, मामी."

"अन् देवळाच्या पायऱ्याईवर सावली असते का?"

"सकाळी असते. दुपारी दगड लय तापते."

"जेवाले?"

"परसाद भेटते. रोज नाही."

गोपिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. देवाच्या नुसत्या नावानं तिला रडू यावं, हे आनंदरावांना पाहवेना. त्यांना मायचा राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. म्हातारपणी माणसाला भीती वाटते, हे त्यांना कळत होतं. पण आपल्या मायलाही वाटावी? ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी देवाजी दिवेलागणीलाच जीप घेऊन आला. गोपिकाबाईंनी जुन्या लुगड्यांची, चाचपून चाचपून शिवलेली गोधडी सामानावर ठेवली.

"कायले वं माय? तिकडं थंडी नसते," आनंदराव म्हणाले.

"असू दे."

विहारातल्या माणसांनी दिवसभर त्यांना विचारून विचारून हैराण केलं होतं. काय मास्तर, देवदर्शनाले चालले म्हणते? आनंदराव मायसमोर येऊन बसले.

"हे पाह्य माय, तुले मी नाही म्हणत नाही. नेऊन राहिलो. पण दीक्षेच्या दिवशी तुह्या कडेवर बसून मीही हात वर केला होता. मी देवळात पाय टाकणार नाही. तुले लतिका नेईन आत. मी बाहेर पायरीपाशी उभा राहीन. याच्यावर मले आग्रह करू नको."

गोपिकाबाईंनी देवाजीकडे पाहिलं. देवाजीनं हळूच मान हलवली. मग त्यांनी लतिकाला दार लोटायला सांगितलं, आनंदरावांचा हात मांडीवर घेतला आणि त्यांची बोटं एकेक करून चाचपली.

"आत मलेही नाही जाचं, आनंदा. बाहेरच पाहाचं हाय. पायऱ्याईवर महारोगी बसतात नं, त्याईच्यात तुहा बाप हाय. देवाजीनं पाह्यलं त्याले, कधी या देवळावर, कधी त्या. पोराच्या शाळेले, लग्नाले डाग नको, मेलो म्हणून सांग, असं म्हणून गेला तो घरातून. मी हाक मारली तर तोंड लपवन. तू मार."